मुद्रण-आज्ञेचा इतिहास : रांग, नोंद आणि लिपी

प्रस्तावना

मराठीत मुद्रणाचा इतिहास प्रामुख्याने छापखान्यांचा इतिहास म्हणून लिहिला गेला. गणपत कृष्णाजींनी १८३१ मध्ये शिळाछापावर काढलेले पंचांग, जावजी दादाजींच्या निर्णयसागरचे सुबक खिळे, त्यानंतरची वृत्तपत्रे व नियतकालिके असा त्याचा सर्वपरिचित क्रम आहे. या क्रमात यंत्र, खिळा आणि ग्रंथ यांना स्थान मिळाले. परंतु छापण्याची आज्ञा कोण देतो, ती दिल्यापासून कागद हाती येईपर्यंत कोठे थांबते आणि त्या थांब्याची नोंद कोण ठेवतो, हे प्रश्न बाजूला राहिले. संगणकाच्या आगमनानंतर मात्र हेच प्रश्न मुद्रणव्यवहाराच्या केंद्रस्थानी आले. आज महाविद्यालयाच्या कार्यालयात एखादा लिपिक पडद्यावरील चित्रावर टिचकी मारून प्रिंट काढतो, तेव्हाही आत एक आज्ञा तयार होते, ती जाळ्यातून दुसऱ्या यंत्राकडे जाते, रांगेत उभी राहते आणि पाळी आल्यावर कागदावर उतरते. कमांड लाइनवरून दिलेली छपाईची आज्ञा ही या व्यवहाराची उघडी बाजू होय. टिचकीमागे जे झाकलेले असते ते तेथे शब्दांत दिसते.

नायगावसारख्या तालुक्याच्या ठिकाणी हा विषय केवळ तांत्रिक राहत नाही. विद्यापीठाची प्रश्नपत्रिका मोहोरबंद पाकिटाऐवजी विद्युत रूपात परीक्षा केंद्रावर पोहोचू लागली, तेव्हापासून छपाईची रांग ही परीक्षेच्या गोपनीयतेची एक जागा झाली आहे. प्रस्तुत लेखात या रांगेचा इतिहास मांडला असून त्याची उद्दिष्टे तीन आहेत : (१) मुद्रण-आज्ञेच्या विकासाचे टप्पे पाहणे, (२) त्या विकासात देवनागरी लिपीचे स्थान तपासणे, (३) परीक्षा केंद्राच्या संदर्भात नोंद आणि उत्तरदायित्व यांचा विचार करणे.

छापखान्यातील आज्ञा आणि उत्तरदायित्व

हातजुळणीच्या छापखान्यात आज्ञा तोंडी वा चिठ्ठीने दिली जात असे. हस्तलिखित जुळाऱ्याकडे जाई, मुद्रिते तपासली जात आणि मालकाच्या संमतीने मजकूर यंत्रावर चढे. कोणते काम आधी आणि कोणते नंतर, हे मालक ठरवी. त्या व्यवस्थेत विलंब होता, परंतु प्रत्येक पायरीवर एक ओळखीचा माणूस उभा होता. ब्रिटिश हिंदुस्थानात १८६७ च्या मुद्रणालये व पुस्तके नोंदणी अधिनियमाने या माणसाला कायदेशीर रूप दिले. छापील वस्तूवर मुद्रकाचे नाव आणि मुद्रणस्थळ असणे बंधनकारक झाले. कागद कोणाच्या हातून बाहेर पडला हे कागदानेच सांगावे, हे त्यामागील तत्त्व होते. त्याचा एक हेतू सरकारी नियंत्रणाचा होता हे खरे. तथापि मुद्रण आणि उत्तरदायित्व यांची सांगड त्यातून पक्की झाली. १८६७ च्या या अधिनियमाची जागा पुढे २०२३ च्या नव्या कायद्याने घेतली.

मराठवाड्याची वाट काहीशी निराळी होती. १९४८ पर्यंत हा प्रदेश निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता व संस्थानच्या राजकारभाराची भाषा उर्दू होती. १७ सप्टेंबर १९४८ नंतर परिस्थिती बदलली, १९५८ मध्ये मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले आणि १९६४ च्या राजभाषा अधिनियमाने राज्यकारभारात मराठीला अधिकृत स्थान दिले. १७ सप्टेंबर १९९४ रोजी नांदेड येथे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाची स्थापना झाली. कारभाराची आणि परीक्षेची भाषा मराठी झाली, याचाच अर्थ कार्यालयातील यंत्रांनी मराठी छापणे आवश्यक झाले. नेमक्या याच काळात कार्यालयांत संगणक येत होता, आणि त्याला मराठी येत नव्हती.

रांगेचा जन्म

संगणकाची गणनक्षमता आणि छपाईयंत्राची गती यांच्यात आरंभापासून मोठी तफावत होती. १९५९ मध्ये आयबीएम १४०१ या संगणकाबरोबर आलेले १४०३ हे ओळमुद्रण यंत्र मिनिटाला ६०० ओळी छापू शके. कागदाच्या जगात ही गती अद्भुत होती, परंतु मोठ्या संगणकाला तेवढ्यासाठी थांबवून ठेवणे परवडणारे नव्हते. म्हणून मोठा संगणक आपले उत्तर चुंबकीय फितीवर लिहून पुढच्या कामाला लागे आणि लहान संगणक ती फीत वाचून सावकाश छपाई करी. फितीची जागा पुढे चकतीने घेतली व ही सर्व देवघेव एकाच यंत्रात होऊ लागली. या पद्धतीला ‘स्पूलिंग’ हे नाव रूढ झाले.

महाराष्ट्रात हे श्रमविभाजन लवकर आले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ मध्ये सीडीसी ३६००-१६०ए ही प्रणाली बसविण्यात आली. तिच्या नावातच दोन यंत्रे आहेत. ३६०० हे गणनेचे मुख्य यंत्र, तर १६०-ए हा छोटा संगणक अशा मोठ्या यंत्रांच्या जोडीला आदान-प्रदानाच्या कामासाठी योजला जात असे. आज्ञा देणारा आणि छापणारा वेगळे झाले, आणि त्यांच्यामध्ये रांग आली.

या रांगेचे तीन गुण पुढील सर्व इतिहासात कायम राहिले. पहिला, ती धीर धरते. प्रिंटर बंद असला तरी काम हरवत नाही. दुसरा, ती क्रम लावते. कोणाचे काम आधी, याचा निर्णय नियमाने होतो. तिसरा, ती प्रत ठेवते. छापायचा मजकूर काही काळ चकतीवर राहतो. पहिल्या गुणाचे मोल मराठवाड्याला वेगळे सांगावे लागत नाही. २००५ नंतरच्या दीर्घ भारनियमनाच्या वर्षांत वीज गेल्यावर अर्धवट राहिलेले काम वीज आल्यावर पुन्हा सुरू होऊ शके, ते चकतीवरील या रांगेमुळेच. तिसरा गुण मात्र दुधारी आहे, हे पुढे दिसून येईल.

युनिक्स, जाळे आणि एका प्रिंटरची गोष्ट

रांगेला माणसाने थेट आज्ञा द्यावी, ही रीत युनिक्स प्रणालीने रूढ केली. तिच्या दोन शाखांत दोन आज्ञाकुळे घडली. एटी अँड टीच्या सिस्टिम फाइव्ह शाखेत ‘एलपी’ ही छापण्याची, ‘एलपीस्टॅट’ ही रांग पाहण्याची व ‘कॅन्सल’ ही काम रद्द करण्याची आज्ञा होती. बर्कली विद्यापीठाच्या शाखेत हीच कामे अनुक्रमे ‘एलपीआर’, ‘एलपीक्यू’ आणि ‘एलपीआरएम’ करीत. ‘एलपी’ ही अक्षरे ‘लाइन प्रिंटर’ची आहेत. ओळमुद्रण यंत्रे कार्यालयांतून बहुतांशी नाहीशी झाली, त्यांचे नाव आज्ञेत उरले.

१९८३ च्या ४.२ बीएसडी या आवृत्तीत छपाईची रांग जाळ्यावर आली. एका यंत्रावर दिलेली आज्ञा दुसऱ्या यंत्राला जोडलेल्या प्रिंटरपर्यंत जाऊ लागली. या संवादाचे नियम ऑगस्ट १९९० मध्ये ‘आरएफसी ११७९’ या दस्तऐवजात नोंदविले गेले. छपाई-सेवक ५१५ क्रमांकाच्या द्वारावर ऐकत बसतो आणि त्याला पाचच प्रकारची मागणी करता येते : थांबलेली कामे छाप, नवे काम स्वीकार, रांगेची त्रोटक स्थिती सांग, सविस्तर स्थिती सांग आणि काम काढून टाक. प्रत्येक कामाबरोबर दोन फायली जातात. एकीत मजकूर असतो व दुसरीत काम पाठविणाऱ्याचे आणि त्याच्या यंत्राचे नाव असते. या रचनेत परवलीचा शब्द नाही आणि मजकुराला कुलूपही नाही. काम ७२१ ते ७३१ यांपैकी द्वारातून आले, म्हणजे ते विश्वासू यंत्राकडून आले असे मानले जाई. मोजक्या ओळखीच्या यंत्रांच्या जाळ्यात हा विश्वास चालण्यासारखा होता. जाळे वाढले तसा तो अपुरा ठरला.

याच सुमारास छपाईच्या रांगेतून एका वैचारिक चळवळीला चालना मिळाली. अमेरिकेतील एमआयटीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत रिचर्ड स्टॉलमन यांनी जुन्या प्रिंटरच्या प्रणालीत बदल करून, कागद अडकल्यास वाट पाहणाऱ्यांना संदेश जाईल अशी सोय केली होती. १९८० च्या सुमारास झेरॉक्स कंपनीचा नवा लेसर प्रिंटर आला, परंतु त्याच्या प्रणालीची मूळ संहिता त्यांना मिळू शकली नाही. कागद अडकत राहिला आणि दुरुस्तीची वाट बंद झाली. २७ सप्टेंबर १९८३ रोजी त्यांनी ‘ग्नू’ प्रकल्पाची घोषणा केली. या घोषणेमागे अनेक कारणे होती. तथापि आपले काम रांगेत का अडले, हे जाणण्याचा हक्क वापरणाऱ्याला असावा, ही मागणी त्या प्रिंटरपाशी स्पष्ट झाली होती.

आयपीपी आणि कप्स

१९९० च्या दशकाअखेर दोन आज्ञाकुळे, अनेक कंपन्यांचे प्रिंटर आणि विस्तारलेले इंटरनेट यांमुळे समान नियमांची निकड निर्माण झाली. त्यातून ‘इंटरनेट प्रिंटिंग प्रोटोकॉल’ म्हणजे आयपीपी आकारास आला. त्याची पहिली आवृत्ती एप्रिल १९९९ मध्ये, तर १.१ ही आवृत्ती सप्टेंबर २००० मध्ये प्रसिद्ध झाली. संकेतस्थळे ज्या एचटीटीपी नियमांवर चालतात त्यांच्याच पायावर तो उभा असल्याने वापरणाऱ्याची ओळख पटविणे आणि मजकूर कूटबद्ध करून पाठविणे शक्य झाले. त्याचे द्वार ६३१ क्रमांकाचे आहे.

मायकेल स्वीट यांनी १९९७ मध्ये सुरू केलेली ‘कप्स’ ही प्रणाली १९९९ मध्ये लोकांसमोर आली व तिने आयपीपीचा पाया स्वीकारला. तिचे ऐतिहासिक महत्त्व समन्वयात आहे. ‘एलपी’ आणि ‘एलपीआर’ या दोन्ही कुळांच्या आज्ञा तिने एकाच रांगेवर आणून सोडल्या. लिनक्सच्या वितरणांनी ती स्वीकारली, २००२ मध्ये ॲपलने आपल्या संगणकांत तिला स्थान दिले आणि २००७ मध्ये तिचे हक्क विकत घेतले. स्वीट २०१९ मध्ये ॲपलमधून बाहेर पडल्यानंतर, २०२० पासून तिच्या विकासाची धुरा ‘ओपनप्रिंटिंग’ या खुल्या प्रकल्पाकडे आली.

लिपीचा प्रश्न

वरील इतिहासात देवनागरी फार उशिरा येते, आणि त्याची कारणे यंत्राच्या रचनेत आहेत. आयबीएम १४०३ च्या साखळीवर २४० खिळे होते, परंतु ते ४८ चिन्हांच्या संचाची पाच वेळा केलेली पुनरावृत्ती होते. इंग्रजी मोठी अक्षरे, अंक आणि काही खुणा यांतच ती साखळी संपे. दुसरीकडे देवनागरीच्या हातजुळणीसाठी मात्रा, जोडाक्षरे, रफार यांचे शेकडो खिळे लागत. बिंदूंनी अक्षर घडविणारे डॉट मॅट्रिक्स प्रिंटर आल्यावर साखळीची मर्यादा संपली, तरी अक्षराचा संकेत आणि आकार यांचा प्रश्न उरलाच.

आयआयटी कानपूर येथे सुरू झालेले भारतीय लिपींचे काम पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये विकसित झाले. १९८८ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेच्या ‘जिस्ट’ कार्डामुळे डॉसवर चालणाऱ्या सामान्य संगणकाला देवनागरी दाखविणे व छापणे जमू लागले. १९९१ मध्ये ‘इस्की’ हा संकेत भारतीय मानक म्हणून मान्य झाला आणि त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती आली. तरीही विंडोजच्या प्रसाराबरोबर डीटीपी व्यवसायात प्रत्येक कंपनीची स्वतंत्र अक्षररचना रूढ झाली. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची ‘श्री-लिपी’ घराघरांत परिचित झाली. या अक्षररचनांनी मराठी अक्षरांना रूप दिले, परंतु त्या परस्परांना अनोळखी होत्या. एका यंत्रावर जुळविलेली प्रश्नपत्रिका तो फाँट नसलेल्या यंत्रावर उघडली की निरर्थक खुणांचा पुंजका दिसे, आणि प्रिंटर तोच पुंजका इमानेइतबारे छापी.

युनिकोडने संकेताचा प्रश्न सोडविला, छपाईचा नव्हे. विंडोज २००० पासून ‘मंगल’ हा युनिकोड फाँट उपलब्ध झाला. लिनक्सच्या बाजूने रेड हॅटने २००४ मध्ये ‘लोहित’ फाँट खुल्या परवान्याखाली दिले. परंतु कमांड लाइनवरून साधी मराठी मजकुराची फाइल छपाईला पाठविली असता कप्सचा जुना मजकूर-गाळक प्रत्येक संकेताला एक चौकट मानून ओळीत मांडीत असे. रोमन लिपीला ही रीत पुरते. देवनागरीत ऱ्हस्व वेलांटी उच्चारात व्यंजनानंतर, पण लेखनात आधी येते. रफार पुढील अक्षराच्या डोक्यावर चढतो. जोडाक्षरात दोन संकेत मिळून एक आकार होतो. ‘विद्यार्थी’ या एका शब्दात या तिन्ही अडचणी आहेत. फेडोराने ‘पॅप्स’ हे साधन कप्सला जोडले व अक्षरमांडणीचे काम ‘पँगो’ या लिपी-जाणत्या ग्रंथालयावर सोपविले, तेव्हा हा शब्द अशा आज्ञेतून नीट उतरू लागला. २००६ मधील परिषदेत पोस्टस्क्रिप्टऐवजी पीडीएफ हे खुल्या मुद्रणाचे मध्यवर्ती रूप ठरविण्याचा निर्णय झाला, त्याचाही मराठीला लाभ झाला. अक्षरांचे आकार पोटात घेऊन जाणारी पीडीएफ कोणत्याही यंत्रावर सारखीच छापली जाते.

परीक्षा केंद्र आणि रांगेची नोंद

पूर्वी अंतर्गत चाचणीच्या प्रश्नपत्रिका सायक्लोस्टाइलवर निघत. स्टेन्सिल कापणारा, शाईचा रूळ फिरविणारा आणि शेवटी स्टेन्सिल जाळून टाकणारा बहुधा एकच विश्वासू माणूस असे. आता राज्यातील अनेक विद्यापीठे प्रश्नपत्रिका परीक्षेपूर्वी थोडा वेळ आधी कूटबद्ध रूपात केंद्राला देतात व केंद्रावर तिच्या प्रती काढल्या जातात. वाहतुकीतील धोका यामुळे कमी झाला. परंतु स्टेन्सिलची जागा घेणारी रांगेतील प्रत कोण जाळतो, हा प्रश्न बहुधा विचारला जात नाही.

कप्सच्या आज्ञा येथे उपयुक्त ठरतात. ‘एलपी’ आज्ञेत ‘डी’ या खुणेपुढे प्रिंटरचे नाव, ‘एन’पुढे प्रतींची संख्या आणि ‘क्यू’पुढे १ ते १०० मधील प्राधान्य देता येते, काही न सांगितल्यास प्राधान्य ५० असते. मोठ्या ‘एच’पुढे ‘होल्ड’ लिहिल्यास काम सोडेपर्यंत रांगेत थांबते, आणि वेळ लिहिल्यास त्या वेळेपर्यंत थांबते. ही वेळ मात्र जागतिक प्रमाणवेळ असते. भारतीय वेळेनुसार सकाळी १०:३० वाजता छपाई सुरू व्हावयाची असल्यास आज्ञेत ०५:०० असे लिहावे लागते. न जाणता १०:३० लिहिल्यास छपाई दुपारी ४ वाजता सुरू होईल. ‘एलपीॲडमिन’ या आज्ञेने विशिष्ट प्रिंटर ठरावीक व्यक्तींपुरता मर्यादित करता येतो.

अधिक विचार करण्याजोगी बाब प्रणालीच्या मूळ मांडणीत आहे. कप्समध्ये छापून झालेल्या कामाची मजकूर-फाइल, वेगळे काही न सांगितल्यास, ८६,४०० सेकंद म्हणजे पूर्ण एक दिवस चकतीवर ठेवली जाते, जेणेकरून काम पुन्हा छापता यावे. याउलट पाननिहाय नोंदवही अलीकडच्या आवृत्त्यांत मुळात बंद असते. ती चालू करावी लागते. कार्यालयीन सोयीसाठी ही मांडणी योग्य आहे. परीक्षेसाठी मात्र ती नेमकी उलटी पडते. परीक्षेला जे विसरले जावे असे वाटते, ती प्रश्नपत्रिकेची प्रत, येथे जपली जाते. आणि जे लक्षात राहावे असे वाटते, तो किती पाने केव्हा निघाली याचा हिशेब, पूर्णपणे ठेवला जात नाही. दोन्ही गोष्टी प्रणालीच्या मांडणी-फायलीत बदलता येतात, आणि ‘कॅन्सल’ आज्ञेला ‘एक्स’ ही खूण दिल्यास कामाबरोबर त्याच्या मजकूर-फायलीही नष्ट होतात. विंडोज वापरणाऱ्या केंद्रांतही रांग चकतीवरच असते, आणि अनेक बहुउपयोगी प्रिंटरना स्वतःची चकती असते, हेही विसरता येत नाही.

रांग ही बाहेरच्या हल्ल्याचीही वाट ठरू शकते, हे अलीकडच्या दोन घटनांनी दाखविले. २०२१ मध्ये विंडोजच्या छपाई-सेवेतील ‘प्रिंटनाइटमेअर’ ही त्रुटी उघड झाली, तर सप्टेंबर २०२४ मध्ये कप्सच्या प्रिंटर शोधणाऱ्या साहाय्यक सेवेतील त्रुटी जाहीर झाल्या. म्हणून प्रश्नपत्रिका छापणारे यंत्र महाविद्यालयाच्या सामान्य जाळ्यापासून अलग असणे इष्ट होय.

येथे एक आक्षेप संभवतो. प्रश्नपत्रिका फुटते ती माणसामुळे, रांगेमुळे नव्हे. मग नोंदवहीने काय साधणार? आक्षेपात तथ्य आहे. ज्याच्याकडे यंत्राचे सर्वाधिकार आहेत तो नोंदही पुसू शकतो. परंतु १८६७ च्या कायद्याप्रमाणे मुद्रकाचे नाव छापल्यानेही बेकायदा छपाई थांबली नव्हती. त्या नावामुळे उत्तर कोणी द्यावयाचे ते ठरले. विद्यापीठ व मंडळाच्या परीक्षांतील गैरप्रकारांना आळा घालणारा १९८२ चा महाराष्ट्राचा अधिनियम प्रश्नपत्रिका फोडणे हा गुन्हा मानतो. संशय निर्माण झाल्यास तो सर्वप्रथम केंद्रप्रमुखावर किंवा प्रिंट काढणाऱ्या कनिष्ठ लिपिकावर येतो. अशा वेळी पानांची खरी नोंद ही निरपराध कर्मचाऱ्याची एकमेव साक्षीदार असू शकते. नोंद ठेवणे म्हणजे कर्मचाऱ्यावर अविश्वास दाखविणे, हा समज त्यामुळे तपासून घ्यावा लागतो.

निष्कर्ष

१. मुद्रण-आज्ञेचा इतिहास हा आज्ञा देणारा आणि छापणारा यांच्यातील वाढत्या अंतराचा इतिहास आहे. हे अंतर रांगेने भरून काढले.

२. आरंभीच्या जाळ्यातील रांग परस्परविश्वासावर उभी होती. आयपीपीने त्या जागी ओळख आणि कूटबद्धता यांची शक्यता आणली.

३. देवनागरीची अडचण केवळ फाँटची नव्हती. ‘एक संकेत म्हणजे एक चौकट’ या गृहीतकावर उभ्या असलेल्या रचनेची ती अडचण होती, आणि खुल्या संहितेमुळेच ती बाहेरच्यांना दुरुस्त करता आली.

४. प्रणालीची मूळ मांडणी तटस्थ नसते. ती कार्यालयाच्या गरजा गृहीत धरते. परीक्षा केंद्राने ती आपल्या गरजेनुसार बदलून घेणे आवश्यक आहे.

५. परीक्षेपूर्वी मांडणी तपासणे, दोन जबाबदार व्यक्तींच्या उपस्थितीत छपाई करणे, पाननोंद मुद्रित करून स्वाक्षरीसह जतन करणे आणि रांगेतील प्रत नष्ट करणे, ही चार कामे कोणत्याही मोठ्या खर्चाशिवाय तालुक्याच्या केंद्रावरही करता येण्याजोगी आहेत.

छापखान्याच्या काळात कागदाच्या तळाशी मुद्रकाचे नाव असे. संगणकाच्या छपाईत ते नाव रांगेच्या नोंदीत असते. ती नोंद ठेवावयाची की नाही, हे मात्र आता महाविद्यालयाच्या हाती आहे.